मोदक, टिकली, पेटी-तबला आणि जे खरंच सोडायचंय ते

बाळ, सलाम.

तुझा लांबलचक मेसेज वाचला, तिथंच उत्तर टाइप करायला घेतलं होतं पण अंगठ्यानं एवढं लिहिणं आपल्याच्यानं होत नाही बाबा, म्हणून हे पत्र. तर पुण्यात पीजीवर गणपती बसले, रूममेटनं हातावर मोदक ठेवला, तू खाल्लास, आणि रविवारी त्या नव्या फेलोशिपमध्ये, त्या ख्रिस्ती प्रार्थना-गटात, तुला सांगितलं की आता पश्चात्ताप कर. वर टिकली काढ, शेजाऱ्यांचा दिवाळीचा फराळ घेऊ नको, आणि नगरला चर्चमध्ये पेटी-तबल्यावर भजनं म्हणतात ते पण चालत नाही म्हणे.

आधी मोदकाचं बघू. हे भांडण येशूचा प्रेषित पौल याच्या काळात करिंथ या ग्रीक शहरातही होतंच, तिथं देवळात वाहिलेलं मांस बाजारात विकायला यायचं आणि लोक विचारायचे की घ्यायचं का नाही. बायबलमधलं त्याचं करिंथकरांस पहिलं पत्र काढ आणि ८ वा आणि १० वा अध्याय सलग वाच, एकच ओळ उचलू नकोस, दोन्हीकडचे लोक आपापली ओळ उचलूनच भांडतात. ८ मध्ये तो म्हणतो की अन्नानं आपण देवाच्या जवळही जात नाही आणि लांबही जात नाही. १० मध्ये मात्र मूर्तिपूजेपासून लांब राहा असं स्पष्ट सांगतो, आणि पुढं असंही की कुणी वाढलं तर खोदून विचारत बसू नका, पण कुणी मुद्दाम सांगितलं की हे वाहिलेलं आहे तर त्या सांगणाऱ्याच्या मनासाठी खाऊ नका. म्हणजे बघ, त्याचं सगळं लक्ष समोरच्या माणसाकडं आहे. माझं विचारशील तर शेजारच्या वहिनी प्रेमानं डबा देतात तो मी घेतो, आरतीचं ताट मात्र हातात धरत नाही, कारण ती उपासना झाली आणि माझी उपासना कुणाची ते ठरलेलं आहे. "मी आरतीला नाही, पण मखर लावायला आणि नंतर भांडी घासायला आहे" असं हसून सांग, कुणी रागावत नाही गं. माझे काही पाळक मित्र प्रसादाला हात लावत नाहीत, त्यांना कोत्या मनाचं म्हणू नकोस, त्यांच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, अगदी नव्यानं बाप्तिस्मा घेतलेली माणसं आहेत, ती अडखळू नयेत म्हणून ते जपतात. तेही पौलाचंच ऐकतायत.

आणि तीच रूममेट नाताळला नगरला येते म्हणते, तर घेऊन ये की. करंज्या लाटायला बसव, रात्री कॅरलवाल्यांबरोबर घरोघरी फिरव. फक्त उपासनेला बसली तर प्रभूभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत घेतात ती भाकरी आणि प्याला, घ्यायचं नाही हे आधीच सांगून ठेव, नाहीतर भाकरीचं ताट पुढं आलं की बिचारी घ्यावं का न घ्यावं म्हणत तुझ्याकडं बघत बसेल.

टिकलीवर मी शाई घालवणार नाही. लावायची तर लाव.

भजनांचं मात्र मला लागलं, खरंच लागलं. ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, मग नगरला आले आणि अभंग लिहिले, भजनं लिहिली, ख्रिस्ती कीर्तनं केली. त्याआधी आपली मंडळी बहुतेक मराठी शब्द विलायती चालींवर ताणून म्हणायची. आज 'उपासना संगीत' हे आपलं गीतांचं पुस्तक उघडलं की पानोपानी टिळक भेटतात, आणि खेड्यातली म्हातारी जिला वाचता येत नाही तिला ती पदं पाठ असतात, झांजा वाजल्या की ती डोळे मिटून म्हणते. हे सगळं काढून टाकायचं आणि गिटार घ्यायची? गिटार तरी काय यरुशलेमहून आली का! घ्या ना गिटार, चांगली वाजवता तुम्ही पोरं, पण झांजेला पाप म्हणू नका.

त्यांच्या बायकोचं, लक्ष्मीबाई टिळकांचं आठव. नवरा ख्रिस्ती झाल्यावर त्या काही वर्षं वेगळ्या राहिल्या, परत आल्या तरी सोवळंओवळं धरूनच होत्या. मग एक दिवस त्यांच्याच मनाला पटलं की जात देवानं केलेली नाही माणसानं केलीय, आणि कुणाच्याही हातचं खायला त्या तयार झाल्या, तेही बाप्तिस्मा घ्यायच्या आधी. भाषा, ओव्या, तो खट्याळ विनोद, यातलं काही टाकलं नाही. टाकली ती शिवाशीव. मला वाटतं कुठलीही फेलोशिप तुला हे सांगणार नाही, आणि खरं सांगायचं तर आपली जुनी चर्चेसही सांगत नाहीत.

कारण आपल्याकडं अजून काय चालतं बघ. मोदकावर पश्चात्ताप, आणि स्थळ आलं की चहा संपायच्या आत हळूच प्रश्न, "मूळचे कोणते हो तुम्ही?" एकाच बाकावर बसून प्रभूभोजनाचा एकच प्याला घेतलेली माणसं विचारतात हे. अनुसूचित जातींच्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळं ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत, त्याविरुद्ध मोर्चे काढताना आपण म्हणतो की धर्म बदलला तरी जात सुटलेली नाही हो, समाज आम्हाला तसंच वागवतो. ते शंभर टक्के खरंय. पण वागवणाऱ्या समाजात आपणही आहोत हे मोर्च्यात कोण बोलणार? मी हे व्यासपीठावरून बोललो की पुढच्या रविवारी दोन-चार बाकं रिकामी असतात आणि नंतर कुणीतरी सांगतं, पाळकसाहेब, तुम्ही आपलं बायबलचं वचन सांगा. अरे मग हे काय आहे.

तर तुझ्या आईनं मला तुझा बायोडाटा पाठवलाय, चांगला केलाय, फोटो पण छान आहे. त्यात तुझ्या मामानं 'मूळ समाज' म्हणून एक ओळ टाकलीय. ती काढ आणि मगच मला परत पाठव, मी तीन-चार मंडळ्यांत देतो. मामा चिडेल, त्याला माझा नंबर दे.

तुझा,
पाळक काका