वाचक विचारतात: समुद्रात वीज पेरणारी ओर्स्टेड कंपनी पुढच्या वीस वर्षांचं गणित मांडते तरी कसं?

मागच्या अंकात युरोपातल्या वीज कंपन्यांवर लिहिलं होतं, त्यावर पत्रं भरपूर आली आणि त्यातली निम्मी डेन्मार्कच्या ओर्स्टेडबद्दलच होती. म्हणून यावेळी सगळं सदर तिलाच दिलंय. नावं न छापता प्रश्न घेते.

प्रश्न: ताई, ही कंपनी आधी तेल आणि गॅसची होती असं ऐकलं, मग एकदम पवनचक्क्यांची कशी झाली? हे ठरवून झालं की परिस्थितीने करायला लावलं? (वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी)

दोन्ही गं, आणि म्हणूनच तिची गोष्ट मला इतकी महत्त्वाची वाटते. 1972 साली डॅनिश सरकारने नॉर्थ सीमधला गॅस आणि तेल सांभाळायला ही कंपनी काढली, पुढे तिचं नाव डाँग पडलं. 2006 मध्ये तिच्यात डेन्मार्कच्या बऱ्याच वीज कंपन्या विलीन झाल्या, त्यांच्यासोबत कोळशावरची मोठमोठी वीजकेंद्रं आली आणि त्यांच्याचसोबत एक छोटीशी गोष्ट आली, ती म्हणजे लोलँड बेटाजवळचं विंडेबी. 1991 साली समुद्रात उभारलेल्या 11 पवनचक्क्या, सगळ्या मिळून जेमतेम 5 मेगावॅट, पण समुद्रातला जगातला पहिला पवन प्रकल्प तो. तेव्हा कुणाला वाटलंही नसेल की कंपनीचं सगळं भविष्य यातच आहे.

साधारण 2008-09 ला कंपनीने जाहीर केलं की आज आपली 85 टक्के ऊर्जा कोळसा-तेल-गॅसमधून येते आणि 15 टक्के अक्षय स्रोतांमधून, हे प्रमाण एका पिढीत उलटं करायचं, म्हणजे 2040 च्या आसपास. त्याच सुमाराला जर्मनीत ग्राइफ्सवाल्डजवळ त्यांचं मोठं कोळसा केंद्र व्हायचं होतं, लोकांचा प्रचंड विरोध झाला आणि 2009 च्या शेवटी कंपनीने ते सोडून दिलं. हा झाला ठरवण्याचा भाग. आता परिस्थितीचा भाग बघ, 2012 मध्ये गॅसच्या धंद्यात जबर तोटा झाला, कर्ज वाढलं, नवे प्रमुख हेन्रिक पौलसन आले आणि त्यांनी जे जे मुख्य धंद्यात बसत नाही ते विकायला काढलं, पैसा सगळा समुद्रातल्या वाऱ्याकडे वळवला. 2017 मध्ये तेल-गॅस विभाग इनिऑस या रसायन कंपनीला विकला, आणि मग डाँग नावात तेल आणि वायूच होते म्हणून नावही बदललं, वीज आणि चुंबकत्वाचा संबंध 1820 मध्ये दाखवणाऱ्या डॅनिश शास्त्रज्ञाचं नाव घेतलं. ते 85-15 चं उलटापालट एका पिढीत व्हायचं होतं ते साधारण दहा वर्षांत झालं.

एक गोष्ट मात्र लोक विसरतात. 2009 मध्येच त्यांनी सीमेन्सकडे एकदम 500 पर्यंत टर्बाइन घेण्याचा करार केला आणि समुद्रात टर्बाइन उभारणारी जहाजं चालवणारी एटूसी ही कंपनीही विकत घेतली. म्हणजे प्रकल्प हातात यायच्या आधीच यंत्रं आणि जहाजांची सोय. त्या काळात अशी जहाजं बोटावर मोजण्याइतकी होती, आणि जहाज नाही तर काम नाही. मला विचारशील तर घोषणेपेक्षा हे दोन निर्णय जास्त मोलाचे होते.

प्रश्न: मी वीज खात्यातून निवृत्त झालेला इंजिनिअर. एक प्रकल्प ठरल्यापासून वीज येईपर्यंत किती वर्षं लागतात आणि नेमका पैसा कधी अडकतो? यावर कुणी सविस्तर लिहीत नाही.

सर, प्रश्न अगदी मुळावर आहे, म्हणून जरा लांब उत्तर देते. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यासमोरचं हॉर्नसी घ्या. तो समुद्राचा पट्टा 2010 च्या सुमारास भाडेपट्ट्याने दिला गेला, तिथे समुद्रतळाची मालकी क्राउन इस्टेटकडे, म्हणजे ब्रिटिश राजसत्तेच्या नावावरची मालमत्ता सांभाळणाऱ्या संस्थेकडे असते. डाँगने 2015 मध्ये सगळे हक्क आपल्याकडे घेतले. हॉर्नसी 1 म्हणजे 174 टर्बाइन आणि 1.2 गिगावॅट (एक गिगावॅट म्हणजे हजार मेगावॅट), 2019 पासून वीज द्यायला लागलं. हॉर्नसी 2, 165 टर्बाइन आणि 1.3 गिगावॅट, 2022 मध्ये पूर्ण झालं. हॉर्नसी 3 तर 2.9 गिगावॅटचं, त्याला परवानगी मिळाली 2020 च्या शेवटच्या दिवशी, आणि तीही एका अटीवर की किटिवेक नावाच्या समुद्रपक्ष्यांसाठी किनाऱ्यालगत घरट्यांच्या खास इमारती बांधायच्या. त्या बांधल्या. मग 2022 च्या लिलावात विजेचा दर ठरला, डिसेंबर 2023 ला कंपनीने अंतिम गुंतवणुकीचा निर्णय घेतला आणि वीज येणार 2027 च्या आसपास. म्हणजे समुद्राचा तुकडा हाती आल्यापासून दीड दशक सहज जातं.

आता पैसा. सुरुवातीची वर्षं सर्व्हे, पक्ष्यांची मोजणी, समुद्रतळाची तपासणी, वकील, परवानग्या यात जातात, हा खर्च तुलनेने थोडा. खरा पैसा अडकतो अंतिम निर्णयाला, कारण त्यावेळी टर्बाइन, पाया, केबल, सबस्टेशन, जहाजं सगळ्यांच्या ऑर्डरी पक्क्या होतात. आणि इथेच गोम आहे. विजेचा दर त्याच्या आधी ठरलेला असतो! ब्रिटनमध्ये या प्रकल्पांच्या वेळी दरहमीचा करार 15 वर्षांचा होता, बाजारभाव कमी झाला तर फरक सरकारी कंपनी देते, जास्त झाला तर कंपनीने परत करायचा, आणि दर महागाईप्रमाणे वाढतो, हे चांगलंय. पण तो मूळ आकडा लिलावाच्या दिवशी गोठतो आणि लोखंड, तांबं, जहाजाचं भाडं, कर्जाचं व्याज हे त्यानंतरही हलत राहतं. घराचं काम एकरकमी बोलीवर घेतलं आणि सिमेंट नंतर महागलं की कंत्राटदाराचं जे होतं तेच इथे अब्जांमध्ये होतं. हॉर्नसी 3 चा 2022 चा दर होता मेगावॅट-तासाला, म्हणजे हजार युनिटला, साधारण 37 पौंड, 2012 च्या किमतींमध्ये धरून. मग ब्रिटिश नियमात प्रकल्पाचा जितका भाग काढून पुन्हा लिलावात नेता येतो तितका नेला आणि 2024 मध्ये त्याला साधारण 54 पौंड मिळवला, तेव्हा गणित आणखी सावरलं.

दुसरा भाग म्हणजे भागीदार. ओर्स्टेड प्रकल्प बांधून घेते आणि त्यातला निम्मा हिस्सा पेन्शन फंड, विमा कंपन्या किंवा पायाभूत सुविधांच्या फंडांना विकते, आलेला पैसा पुढच्या प्रकल्पात टाकते, आणि चालवण्याचं काम मात्र स्वतःकडे ठेवते. हॉर्नसी 2 चा निम्मा हिस्सा 2022 मध्ये फ्रान्सच्या आक्सा आणि क्रेडी आग्रिकोलच्या विमा विभागाने मिळून सुमारे 3 अब्ज पौंडांना घेतला. पंधरा वर्षं बऱ्यापैकी ठरलेलं उत्पन्न मिळणार म्हटल्यावर पेन्शनवाल्यांना हे आवडतं. सगळं चक्र या विक्रीवर फिरतं, ही विक्री अडली की सगळंच अडतं, आणि पुढे तेच झालं.

प्रश्न: मग अमेरिकेत एवढा तोटा का झाला? इतकी अनुभवी कंपनी चुकली कशी?

न्यू जर्सीसमोरच्या ओशन विंड 1 चा दर 2019 मध्ये ठरला होता, तेव्हा युरोपात व्याज शून्याच्या आसपास होतं. नंतर कोविड, मग युक्रेनवरचं युद्ध, लोखंड महाग, सुटे भाग उशिरा, टर्बाइन उभारणारं जहाज वेळेवर नाही, आणि व्याजदर तर विचारूच नका. पवनचक्कीला इंधनाचा खर्च नाही, जवळजवळ सगळा खर्च सुरुवातीलाच होतो आणि तो कर्जावर असतो, त्यामुळे व्याज वाढलं की गॅसवरच्या केंद्रापेक्षा हिला कितीतरी जास्त लागतं. ऑक्टोबर 2023 च्या शेवटी ओशन विंड 1 आणि 2 दोन्ही बंद केले, त्या वर्षीच्या पहिल्या नऊ महिन्यांत 28.4 अब्ज डॅनिश क्रोनरचं मूल्य हिशेबातून काढून टाकावं लागलं.

माझं मत स्पष्ट आहे, व्याज वाढणं कुणाच्या हातात नव्हतं पण अंतिम निर्णय व्हायच्या आधीच मोठ्या ऑर्डरी देऊन बसणं त्यांच्या हातात होतं. 2009 ला जी सवय त्यांना वर घेऊन गेली, आधीच यंत्रं बुक करून ठेवायची, तीच इथे अंगाशी आली. कारण तेव्हा अडचण यंत्रं-जहाजं मिळण्याची होती, आणि आता प्रकल्पच बंद करावा लागला तेव्हा त्या ऑर्डरींचा पैसाही अडकला. 2024 च्या फेब्रुवारीत त्यांनी स्वतःच सांगितलं की यापुढे निर्णयाआधी अडकवायच्या पैशाला मर्यादा घालू, तीन वर्षांचा लाभांश थांबवला, आणि 2030 पर्यंत 50 गिगावॅटचं लक्ष्य होतं ते 35 ते 38 वर आणलं. वर्षभराने तेही सोडलं, 2030 पर्यंतची गुंतवणूक साधारण चौथ्या हिश्शाने कापली आणि प्रमुख मॅड्स निपर जाऊन रासमुस एर्बो आले.

मे 2025 मध्ये तर दरहमीचा करार हातात असलेलं 2.4 गिगावॅटचं हॉर्नसी 4 सुद्धा सोडून दिलं. 2024 च्या लिलावात साधारण 59 पौंडांचा दर मिळाला होता तरी. सोडण्याचाही खर्च साडेतीन ते साडेचार अब्ज क्रोनर! बऱ्याच जणांनी यावर टीका केली, मला तो गेल्या काही वर्षांतला सगळ्यात शहाणा निर्णय वाटतो, कारण पुढे नेलं असतं तर अंतिम निर्णयानंतर मागे फिरायला जागाच उरली नसती.

प्रश्न: समुद्रात इतक्या लांब टर्बाइन बिघडलं तर दुरुस्त करायला कोण जातं आणि राहतात कुठे?

हॉर्नसीचा तळ ग्रिम्सबी बंदरात आहे. रोज ये-जा करणं परवडत नाही म्हणून तंत्रज्ञ मोठ्या जहाजावर आठवडे-आठवडे राहतात, जहाज लाटांबरोबर हललं तरी स्थिर राहणारी एक पायवाट त्यातून थेट टर्बाइनला टेकते आणि त्यावरून चालत जायचं. मोठी कामं उन्हाळ्यात, कारण हिवाळ्यात वारा जोरात म्हणजे वीजही जास्त, तेव्हा टर्बाइन बंद ठेवणं म्हणजे नुकसान.

प्रश्न: उद्या वारा किती येणार हे माहीत नसताना वीज आधी विकतात कशी?

हवामानाच्या अंदाजावर. उद्याच्या प्रत्येक वेळेच्या विजेचा लिलाव आज दुपारी होतो, त्यात कंपनी आपला अंदाज घालून बोली लावते, मग प्रत्यक्ष वारा कमी-जास्त झाला की तो फरक त्याच दिवशीच्या बाजारात खरेदी-विक्री करून भरून काढते. फरक राहिलाच तर दंडासारखा खर्च बसतो. वारा सगळीकडे एकदम जोरात आला की भाव शून्याखालीसुद्धा जातो, तेव्हा टर्बाइन मुद्दाम थांबवतात. म्हणून दीर्घ मुदतीचे करार हवेत, सरकारशी किंवा अॅमेझॉनसारख्या मोठ्या ग्राहकांशी, नाहीतर जोराचा वारा असलेल्या दिवशीच कमाई कमी असं होतं.

प्रश्न: निम्मी मालकी सरकारची, मग ही सरकारी कंपनी की खासगी? याचा फायदा होतो का?

शेअर बाजारात 2016 पासून आहे, पण 50.1 टक्के डॅनिश राज्याकडेच. यावरून राजकारण पेटलेलंही आहे, 2014 मध्ये गोल्डमन सॅक्स या अमेरिकन बँकेला हिस्सा दिला तेव्हा डेन्मार्कमधला एक पक्ष सरकारमधून बाहेर पडला होता. फायदा कधी दिसला तर ऑगस्ट 2025 ला. न्यूयॉर्कजवळच्या सनराइज विंड प्रकल्पातला हिस्सा विकून पैसा येणार होता, पण अमेरिकेत सरकारचं धोरण बदलल्यामुळे पटेल असा गिऱ्हाईक मिळेना, म्हणून कंपनीने जुन्या भागधारकांकडूनच 60 अब्ज क्रोनर उभे करायचं जाहीर केलं. काही दिवसांतच 80 टक्के झालेल्या रेव्होल्यूशन विंड या तिथल्याच दुसऱ्या प्रकल्पाचं काम थांबवायचा आदेश अमेरिकन सरकारने काढला, शेअर आणखी कोसळला, महिन्याभराने कोर्टाने काम सुरू करायची परवानगी दिली. तरी नवे शेअर विकले गेले, कारण राज्याने आपला निम्मा वाटा घेणार असं आधीच सांगितलं होतं आणि नॉर्वेची ऊर्जा कंपनी इक्विनॉरही सोबत होती. ऑक्टोबरमध्ये 2027 पर्यंत सुमारे 2000 नोकऱ्या कमी करणार हेही जाहीर झालं, आणि त्याचा त्रास ज्यांना झाला त्यांनी ना लिलावात बोली लावली होती ना व्याजदर ठरवले होते, हे मला लिहिल्याशिवाय राहवत नाही.

प्रश्न: कोळसा खरंच बंद केला का, की फक्त जाहिरात? (शाळेतल्या शिक्षिका)

बंद केला मॅडम, पण वेळेत नाही, आणि त्याचं कारण बघण्यासारखं आहे. लक्ष्य 2023 चं होतं, पण 2022 ला रशियाचा गॅस आटला तेव्हा डॅनिश सरकारनेच त्यांना तीन जुनी केंद्रं जून 2024 पर्यंत तयार ठेवायला सांगितली. शेवटचं कोळशावरचं केंद्र एस्ब्येर्गचं, ते 31 ऑगस्ट 2024 ला बंद झालं.

मात्र कोळशाच्या जागी काही केंद्रांत लाकडाच्या गोळ्या आणि चिप्स जळतात, कारण त्यांची उष्णता नळांतून शहरातली घरं गरम करते आणि पवनचक्की ते काम थेट करत नाही. लाकूड जाळणं किती हरित यावर शास्त्रज्ञांमध्ये जोरदार मतभेद आहेत, कंपनीच्या टक्केवारीत ते अक्षय म्हणून मोजलं जातं, तेव्हा ती टक्केवारी वाचताना हे लक्षात असू द्या आणि मुलांनाही सांगा. आता कालुंदबोर्ग आणि आवेदोर इथल्या केंद्रांच्या धुरातून 2026 पासून वर्षाला 4 लाख 30 हजार टन कार्बन डायऑक्साइड पकडून जहाजाने नॉर्वेला न्यायचा आणि समुद्रतळाखाली कायमचा पुरायचा असं काम हाती घेतलंय, डॅनिश सरकारशी त्यासाठी 20 वर्षांचा करार आहे, आणि यावेळी पैसे किती मिळणार ते बांधकामाला हात घालायच्या आधीच कागदावर आहे.