बूट काढून धावायचंय!

प्रश्न : बाई, मी नाशिकमध्ये इंदिरानगरला राहतो. वय ४३, बँकेत नोकरी. सकाळी गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकवर चार-पाच किलोमीटर धावतो. अलीकडे उजवा गुडघा कुरकुरतो. ट्रॅकवरचा एक मित्र अनवाणी धावायला लागलाय; तो म्हणतो, बुटांनीच आपल्या पायांची वाट लावली. आमच्या घरचे श्रावणात ब्रह्मगिरीची फेरी अनवाणीच करतात, मग धावायला काय हरकत? एक तारखेपासून बूट सोडावेत म्हणतो. वडीलही सकाळी माझ्याबरोबर चालायला येतात. वय ७०, मधुमेह आहे. त्यांनीही अनवाणी चालावं का?

उत्तर : धावा की! पण एक तारखेचा मुहूर्त सोडा, आणि आधी तो गुडघा डॉक्टरांना दाखवा.

फेरीचा दाखला इथे चालायचा नाही. चालताना एक पाय कायम जमिनीवर असतो. धावताना दोन्ही पाय क्षणभर हवेत असतात आणि खाली येताना शरीराच्या दुप्पट-तिप्पट भार एकट्या पायावर पडतो. शिवाय फेरीच्या दुसऱ्या दिवशी तुमच्या घरी सगळे पाय चेपत बसलेले असतात की नाही, ते मला सांगू नका!

तुमचा मित्र अर्धं खरं बोलतोय. जाड टाचेच्या बुटात आपण बिनधास्त टाच आधी टेकवतो. अनवाणी तसं केलं की ठणका बसतो, म्हणून पाऊल आपोआप आखूड पडतं आणि बहुतेकदा चवडा आधी टेकतो. हार्वर्डच्या डॅनियल लीबरमन यांनी केनियातल्या लहानपणापासून अनवाणी धावणाऱ्यांचा अभ्यास करून २०१० साली हेच मांडलं. अशा धावण्यात गुडघ्यावरचा भार कमी होतो. पण तो हवेत विरत नाही, खाली सरकतो : पोटरीवर, टाचेमागच्या अकिलीस टेंडनवर, चवड्याच्या बारीक हाडांवर. तुमची पोटरी इतकी वर्षं खुर्चीत आणि बुटात वाढलीय. दम टिकेल, उत्साह टिकेल, ती टिकणार नाही. अनवाणी धावल्याने दुखापती कमी होतात, असं त्या अभ्यासाने सिद्ध केलेलं नव्हतं, हेही मित्राला सांगा.

आता तो अबेबे बिकिलाचं नाव काढेल. १९६०ची रोम ऑलिंपिक मॅरेथॉन बिकिलाने अनवाणी जिंकली, २ तास १५ मिनिटं १६ सेकंदांत. पण तो तसा सराव करूनच आला होता. आणि १९६४ला टोकियोत तोच बिकिला बूट घालून धावला, २ तास १२ मिनिटं ११ सेकंदांत पुन्हा जिंकला. आपल्या जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतनेही २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्य मिळवलं ते बूट घालूनच.

सुरुवात घरात करा. दोन-तीन आठवडे घरात अनवाणी वावरा, जिन्याच्या पायरीवर चवड्यांवर उभं राहून टाचा सावकाश वर-खाली करा. मग नेहमीचं धावणं बुटातच करून शेवटची पाच मिनिटं बूट काढा, तेही दिवसाआड. आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवा, त्याहून जास्त नाही. पावलं आखूड, पटपट. पाय शरीराच्या पुढे फेकायचा नाही, खाली टेकवायचा. चवड्यानंतर टाचही हलकी टेकू द्या, सगळा वेळ चवड्यावर नाचू नका. पावलांचा धपधप आवाज आला तर चुकतंय. पोटऱ्या दोन दिवस भरून येतील, ते ठीक. पण पावलाच्या वरच्या बाजूला एकाच जागी, बोटाने दाबून दाखवता येईल असं दुखलं, तर त्या दिवसापासून बंद आणि थेट डॉक्टर. हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते.

जागा? लोक गवत शोधतात. मी म्हणेन, पायाखालचं दिसेल अशी सपाट, झाडलेली जमीन बघा. पावसाळा सरला की गवतात सराटे असतात, काच असते, आणि ती पायात घुसल्यावरच कळते. गोदाघाटाच्या ओल्या फरशीवर शेवाळ, तिथे नको. पांडवलेणीच्या पायऱ्या उतरताना तर मुळीच नको. एप्रिल-मेमध्ये ऊन चढलं की डांबरावर तळवे भाजतात, तेव्हा उजाडताच उरका. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन दहा वर्षं झाली असतील तर आधी ते घ्या. टाचांना भेगा असतील तर त्या भरेपर्यंत थांबा.

वडिलांना मात्र स्पष्ट नाही. मधुमेहात तळव्याची संवेदना कमी होऊ शकते. काटा रुततो आणि कळतही नाही, मग जखम चिघळते. त्यांना घरातही मऊ चप्पल द्या, बाहेर मोजे आणि पुढून बंद, ऐसपैस बूट. घालण्याआधी बूट उलटा करून झटकायचा, आत खडा असला तरी त्यांना जाणवणार नाही. रोज रात्री त्यांचे तळवे उजेडात तुम्ही स्वतः बघा, बोटांच्या बेचक्यांसकट.