लग्नानंतर जियान्नाने सेवाकार्य सोडलं का?

प्रश्न : आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) संत जियान्ना बेरेत्ता मोल्लावर प्रवचन झालं. पोटातल्या बाळासाठी तिने जीव दिला, एवढंच सांगितलं गेलं. मी नोकरी करते, दोन लहान मुलं आहेत आणि संत विन्सेंट डी पॉलच्या नावाने चालणाऱ्या चर्चच्या सेवागटातून गरिबांच्या घरभेटींना जाते. घरचे म्हणतात, मुलं मोठी होईपर्यंत हे थांबव. जियान्नाने लग्नानंतरही सेवा केली, की ते सगळं लग्नाआधीचं?

उत्तर : ताई, लग्नानंतरही केली. मीसुद्धा डॉक्टर आहे, मुलं लहान असतानाच दवाखाना चालवला. त्यामुळे जियान्नाच्या आयुष्यातला हाच भाग मला सर्वांत जवळचा वाटतो आणि प्रवचनांत नेमका तोच गळतो याचं वाईट वाटतं.

इटलीतल्या माजेन्ता गावची ही मुलगी तेरा भावंडांतली दहावी. विद्यार्थिदशेतच ती तुमच्यासारखी विन्सेंट डी पॉलच्या कामात होती. 1949 मध्ये डॉक्टर झाली, 1950 मध्ये शेजारच्या मेझेरोत दवाखाना काढला आणि 1952 मध्ये बालरोगतज्ज्ञ झाली. गरीब रुग्णाकडून ती पैसे घेत नसे, उलट औषधं देई. तिचा एक भाऊ कापुचिन या संन्यासी संघातला धर्मगुरू आणि डॉक्टर, ब्राझीलमध्ये मिशनरी. तिलाही तिकडे जायचं होतं, पण तब्येत आड आली. सेवा करायची तर व्रतस्थच व्हायला हवं, असं तिने मानलं नाही. विवाह हेही देवाचंच बोलावणं, या श्रद्धेने सप्टेंबर 1955 मध्ये तिने इंजिनिअर पिएत्रो मोल्लाशी लग्न केलं.

त्यानंतर 1956, 1957 आणि 1959 अशी तीन बाळंतपणं झाली. पिएत्रो कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर, कामासाठी परदेशीही जायचा. तरी मेझेरोचा दवाखाना सुरूच राहिला. शिवाय राहत्या पोंते नुओवोत माता-बाल आरोग्य केंद्राची जबाबदारी तिने घेतली, तिथल्या बालवाडीतली मुलंही विनामूल्य तपासली. घरकामाला मदतनीस होती, हेही सांगायला हवं. नाहीतर तुमच्यासारख्या बायका उगाच स्वतःला कमी लेखतात. तिला डोंगर, स्कीइंग आणि सुंदर कपडे आवडत. तेही तिने सोडलं नाही.

1961 मध्ये चौथ्या वेळी दिवस असताना गर्भाशयात गाठ निघाली. गर्भाशयच काढणं तिच्या जिवासाठी सुरक्षित होतं, पण त्यात बाळ गेलं असतं. तिचा जीव वाचवण्यासाठीचा उपचार म्हणून चर्चच्या शिकवणुकीतही ते बसत होतं. तरी बाळ वाचावं म्हणून तिने फक्त गाठ काढायला लावली. 21 एप्रिल 1962 रोजी, पास्काच्या (ईस्टरच्या) आदल्या दिवशी, मुलगी झाली आणि 28 तारखेला जंतुसंसर्गाने जियान्ना गेली, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी. 16 मे 2004 रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिला संत घोषित केलं, तेव्हा पिएत्रो आणि ती मुलगी तिथे हजर होती. बाळासाठी जीव धोक्यात घालण्याचा निर्णय तिचा स्वतःचा होता, दुसऱ्या बाईवर तो लादण्यासाठी तिचं नाव घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता तुमच्याबद्दल. घरभेटी थांबवू नका, कमी करा. गटात मोकळेपणाने सांगून तुमच्या वाट्याला एकच कुटुंब घ्या. भेटीला नेहमी दोघांनी जायचं असतं, तेव्हा अधूनमधून आजीकडे मुलं ठेवून यजमानांनाच सोबत घ्या. एकदा त्या घरात बसले, की थांबव म्हणणाऱ्यांत ते राहतील असं मला वाटत नाही.