कुंडलिकेवरच्या पहिल्या कयाकिंगला येताना

क्लबच्या कोलाड सहलीला तुम्ही येत आहात, याचा मनापासून आनंद झाला. कुंडलिका नदीचा वेग भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सकाळी सोडलेल्या पाण्यावर अवलंबून असतो, त्यामुळे वेळेवर तयार राहा. रोल, म्हणजे उलटलेली कयाक (वल्ह्याने चालवायची अरुंद होडी) आत बसूनच सरळ करणे, शिकण्याची घाई नको. आधी संथ पाण्यात, उलटलेल्या कयाकमधून बाहेर पडण्याचा सराव करा आणि प्रत्येक वेळी स्प्रे-स्कर्टचा (कमरेभोवती बसून कयाकचे तोंड झाकणाऱ्या आवरणाचा) ते सोडवण्यासाठी ओढायचा पट्टा बाहेर राहिला आहे ना, हे बोटांनी चाचपून पाहा, कारण तो आत दबला तर पाण्याखाली सापडणे अवघड जाते.

खडक जवळ येताच नवखे घाबरून उलट बाजूला झुकतात आणि तिथेच उलटतात. तुम्ही खडकाकडेच झुका. पाण्यात पडलात, तर प्रवाहात उभे राहू नका, पाय दगडांत अडकू शकतो. पाठीवर तरंगत पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे ठेवा. कयाक सुटली तरी चिंता करू नका, ती आम्ही आणू.