पावणेतीन लाखांची ऑक्टाव्हिया आणि वरचे एक लाख

प्रश्न : काका, मी २८ वर्षांचा. नाशिकला सातपूरमध्ये नोकरी करतो, हातात महिन्याला ५४ हजार पडतात. शाळेत असल्यापासून स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस (ऑक्टाव्हियाची टर्बो इंजिनवाली, वेगवान गाडी) मनात भरली आहे. आता एक मिळते आहे : काळी, नोव्हेंबर २००६ ची नोंदणी, १ लाख १८ हजार किलोमीटर फिरलेली. मालक पावणेतीन लाख सांगतोय, माझ्याकडे साडेतीन जमलेत. रोजच्या कामाला स्कूटर आहे, गाडी फक्त शनिवार-रविवारी काढणार. बाबा म्हणतात, हा पांढरा हत्ती आहे, घेशील पण पोसणार कसा? देखभालीसाठी महिन्याला किती बाजूला ठेवू?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तुझं पत्र वाचून मी आधी माझी वही काढली. २०१३ साली घेतलेली २००५ ची आरएस आजही माझ्याकडे आहे आणि तिच्यावर गेलेल्या प्रत्येक रुपयाची नोंद त्या वहीत आहे. पेट्रोल आणि विमा सोडून सरासरी काढली तर महिन्याला पावणेसहा हजार येतात. पण एवढंच सांगून थांबलो तर तुझी फसगत होईल. माझ्या वहीत २०१७ चं अख्खं वर्ष २३ हजारांत निभावलंय आणि २०१९ च्या एकट्या जून महिन्यात ८४ हजार गेलेत. सरासरी मागाहून काढता येते, गॅरेजचं बिल मात्र त्याच दिवशी द्यावं लागतं.

म्हणून तुझ्या प्रश्नाचं उत्तर दोन भागांत आहे. महिन्याला सहा हजार वेगळ्या खात्यात टाक, गाडी नुसती उभी असली तरी टाक. आणि त्याआधी, गाडी दारात येईल त्या दिवशी, एक लाख रुपये हाताशी हवेत. हे लाख तू ठरवलेल्या सौद्यात कुठेच दिसत नाहीत. पावणेतीन दिले की तुझ्याकडे ७५ हजार उरतात, त्यातून नाव बदलणं आणि विमाही निघायचा आहे. हेच मला खटकतंय.

ते लाख कुठे जातात सांगतो. सगळ्यांत पहिल्यांदा टायमिंग बेल्ट, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्हची चाल एकमेकांशी जुळवून ठेवणारा पट्टा. या १७८१ सीसी टर्बो इंजिनात एका सिलिंडरला पाच, म्हणजे एकूण वीस व्हॉल्व्ह आहेत. बेल्ट तुटला की पिस्टन वर येऊन व्हॉल्व्हवर आदळतात आणि हेडचं, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाचं, काम निघतं. गाडीच्या निम्म्या किमतीपर्यंत जाणारं हे काम आहे. 'मागच्याच मालकाने बदललाय' या बोलण्यावर जाऊ नकोस. बिल दाखवलं तर बदललाय, नाहीतर नाही. बेल्ट, तो ताणून धरणारा टेन्शनर आणि वॉटर पंप एकत्रच बदल, मजुरी तीच पडते. मला बाहेरच्या चांगल्या गॅरेजमध्ये २४ हजार लागले. किलोमीटर झाले नसले तरी पाच वर्षांनी बदलायचा, हा माझा नियम.

दुसरं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी. २०१६ च्या मे महिन्यात सौ. आणि मी कोल्हापूरला निघालो होतो. खंबाटकी चढताना गोडसर वास आला. गूळ जळतोय की काय असं वाटलं. एवढा वेळ ९० वर स्थिर असलेला तापमानाचा काटा हलला. मी तिथेच कडेला घेऊन इंजिन बंद केलं. बॉनेट उघडलं तर इंजिनच्या मागच्या अंगाला सगळीकडे गुलाबी पाणी. हेडमधून कूलंट बाहेर येतं तिथे एक प्लॅस्टिकचा फ्लँज, म्हणजे पाइपचा जोड, असतो. गाडी थंड झाल्यावर हात घातला, तर त्याचा तुकडा बोटांत आला आणि भाजलेल्या पापडासारखा चुरला. तो फ्लँज ११०० रुपयांचा, गाडी पुण्याला परत आणणाऱ्या टोइंगचे ७०००. त्या दिवशी 'घाट उतरेपर्यंत चालेल' म्हटलं असतं तर हेड गेलं असतं. अकरा वर्षांत त्या प्लॅस्टिकची ही गत झाली, तुझी गाडी तर वीस वर्षांची होते आहे. फ्लँज, थर्मोस्टॅट आणि होज मिळून ९ हजार धर.

मग प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या कॉइल. चार सिलिंडरला चार, आणि या इंजिनात त्या न सांगता जातात. सिग्नलला गाडी थरथरायला लागली, ॲक्सिलरेटर दाबूनही पळेना, की समजायचं एक गेली. तशीच चालवलीस तर न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो खराब करतं. चारही कॉइल आणि प्लग नवीन घाल, १६ हजार. जुन्यांतली चांगली एक डिकीत ठेव.

ब्रेकचे १४ हजार आणि टायरचे ३४ हजार जोड. टायरची नक्षी शाबूत दिसली म्हणून तेवढ्यावर भुलू नकोस. कडेला चार आकडे कोरलेले असतात : २३१८ म्हणजे २०१८ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. शनिवार-रविवारी फिरणाऱ्या गाडीचे टायर झिजण्याआधी कडक होतात, आणि पहिल्या पावसात ब्रेक मारल्यावर कळतं. झाले ९७ हजार.

आता कागदपत्रं. नोव्हेंबर २००६ ची नोंदणी म्हणजे २०२१ मध्ये १५ वर्षं पूर्ण झाली आणि नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून मिळाली. ती नोव्हेंबर २०२६ ला संपते. मालक नेमका आत्ता का विकतोय, याचं उत्तर कदाचित इथेच असेल. रीपासिंग, म्हणजे नोंदणीचं नूतनीकरण, त्यालाच करायला सांग किंवा तो खर्च किमतीतून वजा कर. ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या नियमाने वीस वर्षांवरच्या मोटारीला नूतनीकरणाचं शुल्क १० हजार आहे, १५ ते २० वर्षांपर्यंत ते ५ हजार आहे. पर्यावरण कर वेगळा. आयात गाडीला हेच शुल्क ८० हजार लागतं. तुझी गाडी औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) शेंद्र्यात जोडलेली आहे, त्यामुळे तो प्रश्न यायला नको, तरी आरसीवर चुकून 'आयात' नोंद नाही ना एवढं बघ. उच्च सुरक्षेची नंबर प्लेट (एचएसआरपी) बसवली आहे का तेही विचार.

विम्याचं थोडक्यात. १५०० सीसीवरच्या गाडीचा थर्ड पार्टी हप्ता २०२२ मध्ये ७८९७ रुपये ठरला, वर जीएसटी. तुला चोरी-अपघाताचा विमाही हवा. पाच वर्षांवरच्या गाडीची विमा किंमत कंपनी आणि आपण मिळून ठरवतो, तेव्हा ती बोलून घे, एजंट लिहील ती मुकाट्याने मान्य करू नकोस.

सुटे भाग मिळत नाहीत म्हणून लोक घाबरवतात. हेच इंजिन थोड्याफार फरकाने गोल्फ आणि ऑडी टीटीमध्येही होतं. खोक्यावर स्कोडाचं नाव शोधत बसू नकोस, भागावरचा क्रमांक वाच. इंजिनचे पुष्कळ भाग ०६ए पासून सुरू होतात. तो क्रमांक लिहून पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याला विचारलंस तर बहुतेक सगळं मिळतं, फक्त आठ-पंधरा दिवस थांबायची तयारी हवी. तुझ्याकडे स्कूटर आहे, म्हणून तुला ते जमेल. रोज याच गाडीने कामावर जाणार असतास तर मी सरळ नको म्हटलं असतं.

तेव्हा सव्वादोनच्या वर जाऊ नकोस. मालक ऐकत नसेल तर सहा महिने थांब आणि तेवढ्यात ठरलेले सहा हजार दर महिन्याला बाजूला टाकून बघ. ते जड जातात की नाही ते गाडी घेण्याआधीच कळेल. इंजिनची ताकद वाढवायला रीमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलणं) करून घे म्हणून गॅरेजवाले मागे लागतील. १५० पीएस (अश्वशक्ती) आहेत, ते निरोगी ठेव. पहिली दोन वर्षं दुसऱ्या कशावर एक रुपया घालू नकोस.

गाडी बघायला सकाळी जा. आधी सुरू करून ठेवू नका असं मालकाला सांग आणि पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून बघ, गार हवं. बाबांनाही सोबत ने. त्यांची शंका चुकीची नाही, आणि हे सगळे आकडे त्यांच्यासमोर मांडलेस तर त्यांना बोलायला काहीतरी हाताशी राहील.

प्रश्न : माझी १९९९ ची मोटार महिन्यातून दोनदाच निघते. हल्लीच्या इथेनॉलच्या पेट्रोलने जुन्या गाडीचं काय बिघडतं? त्यासाठी वेगळा खर्च धरू का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : धरा, पण फार नाही. २० टक्के इथेनॉल गृहीत धरून त्या काळचे रबरी पाइप बनवलेले नव्हते. ते फुगतात किंवा कडक होऊन तडकतात, आणि पेट्रोल गळलं तर आगीची भीती. टाकीपासून इंजिनपर्यंतचे रबरी पाइप आणि क्लिपा एकदा नवीन बसवा, फिल्टर वर्षाला बदला. इथेनॉल पाणी ओढतं, तेव्हा तेच पेट्रोल महिनोन्‌महिने टाकीत पडू देऊ नका. दर पंधरवड्याला २०-२५ किलोमीटर नीट फिरवून आणा. अंगणात पाच मिनिटं नुसती सुरू ठेवू नका, तेवढ्यात इंजिन धड तापतही नाही. आणि दार उघडताच पेट्रोलचा वास आला तर चावी फिरवू नका, मेकॅनिकला घरी बोलवा.