खराब हवामानात नियंत्रक धावपट्टी कशी बदलतात?

विमानतळावर विमानांची रांग लागलेली असताना वारा उलटला, तर हवाई वाहतूक नियंत्रक नेमके काय करतात, असे आपण विचारले आहे. मी याच कामात असल्याने थोडे सविस्तर लिहितो.

बहुतेक वेळा पट्टी तीच राहते, फक्त वापराचे टोक बदलते. म्हणजे ०९ (पूर्वेकडे तोंड करून वापरायचे टोक) ऐवजी २७ (पश्चिमेकडे तोंड करून वापरायचे टोक). बदल करायचा की नाही, यापेक्षा तो कधी करायचा हे ठरवणे जास्त अवघड असते. अनेक प्रवासी विमानांना मागून येणारा वारा १० नॉटपर्यंत (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किमी) चालतो, काहींना १५ नॉटपर्यंत. पण पट्टी ओली असेल तर थांबायला लागणारे अंतर बरेच वाढते, म्हणून ही मर्यादा गाठेपर्यंत आम्ही वाट पाहत नाही. याउलट, गडगडाटी वादळाच्या पुढ्यातला वारा काही मिनिटांत उलटतो आणि वादळ सरकले की पुन्हा फिरू शकतो. अशा वेळी घाईने टोक बदलले तर सगळी उलथापालथ दोनदा करावी लागते. माझ्या मते तेव्हा विमानांना थोडा वेळ घिरट्या घालायला लावणेच शहाणपणाचे असते.

निर्णय झाला की टॉवर (धावपट्टीवरील विमाने सांभाळणारे नियंत्रक) आणि अप्रोच कंट्रोल (उतरायला येणारी विमाने सांभाळणारे नियंत्रक) मिळून जुन्या टोकावर शेवटचे कोणते विमान उतरणार आणि शेवटचे कोणते उडणार हे ठरवतात. त्यामागच्या विमानांना रडारवरून वळवून नव्या रांगेत आणले जाते. येथे एक धोका कायम लक्षात ठेवावा लागतो: ते शेवटचे विमान न उतरता पुन्हा वर गेले, तर नव्या टोकावरून उडणारे विमान थेट त्याच्या समोर येईल. म्हणून ते प्रत्यक्ष उतरून पट्टीबाहेर पडेपर्यंत विरुद्ध दिशेच्या उड्डाणाला परवानगी देत नाहीत. आयएलएसचेही (उतरणाऱ्या विमानाला रेडिओ संकेतांनी पट्टीपर्यंत वाट दाखवणाऱ्या यंत्रणेचेही) तसेच आहे. सामान्यतः दोन्ही टोकांची यंत्रणा एकाच वेळी चालू ठेवता येत नाही, त्यामुळे तिची अदलाबदलही त्यानंतरच होते.

जमिनीवर उड्डाणासाठी थांबलेली रांग दुसऱ्या टोकाकडे न्यावी लागते आणि वैमानिकांना उड्डाणाची सगळी आकडेमोड नव्याने करावी लागते. म्हणून बदलाची पूर्वसूचना जितकी लवकर देता येईल तितकी बरी.

ढग फार खाली असतील तर पेच वाढतो, कारण वाऱ्याला सोयीच्या टोकाला आयएलएस असेलच असे नाही. आम्ही वारा, दृश्यमानता आणि पट्टीची अवस्था सांगतो; त्या टोकावर उतरायचे की नाही हे वैमानिक ठरवतो आणि त्याने नकार दिला तर आम्ही वाद घालत नाही. घिरट्या घालणाऱ्यांना पुढील अप्रोचची अपेक्षित वेळ कळवतो, म्हणजे इंधनाचा हिशेब करून दुसऱ्या विमानतळाकडे वेळेत वळायचे की थांबायचे हे त्यांना ठरवता येते. एखाद्याने ‘मिनिमम फ्यूएल’ असे कळवले तर ती आणीबाणी नसते आणि त्याला आपोआप पहिला क्रमांकही मिळत नाही. पण आणखी उशीर त्याला परवडणार नाही, हे ध्यानात घेऊनच पुढचा क्रम लावावा लागतो.