नॉर्थ कॅरोलिनात मतं निम्मी-निम्मी, मग जागा १०-४ कशा?

२०२४ ला अमेरिकेतल्या या राज्यात ट्रम्प जिंकले आणि त्याच दिवशी डेमोक्रॅट जॉश स्टाइन गव्हर्नर झाले. मग अमेरिकी काँग्रेसच्या प्रतिनिधीगृहावर १० रिपब्लिकन आणि ४ डेमोक्रॅट कसे गेले, आणि गव्हर्नर हे थांबवत का नाहीत, असं तुम्ही विचारलंय. मी वेक काउंटीत वीस वर्षं राहतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गव्हर्नरांच्या हातात ते नाहीच. १९९६ ला इथल्या गव्हर्नरला नकाराधिकार मिळाला, पण मतदारसंघांचा नकाशा त्यातून वगळला. विधिमंडळाने मंजूर केलं की विषय संपला. आपल्याकडे मतदारसंघांच्या सीमा आखायला परिसीमन आयोग बसतो. इथे ज्या पक्षाकडे बहुमत, त्याच्याच हातात पेन्सिल.

युक्ती साधी आहे. विरोधकांची मतं दोन-तीन मतदारसंघांत कोंबायची, उरलेली फोडून पातळ करायची. ग्रीन्सबरोला गेलात तर लॉरेल स्ट्रीट बघून या. तिथे नॉर्थ कॅरोलिना ए अँड टी हे कृष्णवर्णीयांचं जुनं, मोठं विद्यापीठ आहे. २०१६ च्या नकाशातली रेघ त्याच रस्त्यावरून गेली. अर्धं आवार सहाव्या मतदारसंघात, अर्धं तेराव्यात. हजारो विद्यार्थ्यांच्या मताचे असे दोन तुकडे झाले, आणि दोन्हीकडे रिपब्लिकनच निवडून आले. तेव्हा (जागा १३ होत्या) डेव्हिड लुईस या रिपब्लिकन आमदारांनी समितीत उघड सांगितलं होतं की १०-३ चा नकाशा मांडतोय, कारण ११-२ चा काढणं शक्य वाटत नाही. मला ते आजही अस्वस्थ करतं.

डेमोक्रॅट मतदार शार्लट, रॉली, डरममध्ये दाटीने राहतात, त्यामुळे थोडा तोटा त्यांना तसाही होतो, हे खरं. आणि इलिनॉयमध्ये डेमोक्रॅटांनी हेच केलंय, तेही तितकंच चूक.

खरा निर्णय मात्र कोर्टात होतो. २०१९ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५-४ ने सांगितलं की पक्षीय फायद्यासाठी काढलेल्या नकाशात फेडरल (केंद्रीय) कोर्टं पडणार नाहीत. उरलं राज्याचं सर्वोच्च न्यायालय. त्याच्यामुळे २०२२ ला कोर्टाचा नकाशा वापरला गेला आणि निकाल लागला ७-७. पण त्याच निवडणुकीत न्यायालयातलं बहुमत रिपब्लिकन न्यायाधीशांकडे गेलं, आणि एप्रिल २०२३ मध्ये आधीचा निवाडा फिरवला गेला. ऑक्टोबरमध्ये नवा नकाशा आला, २०२४ ला तीन जागा फिरल्या. मतदार तेच, घरं तीच. ऑक्टोबर २०२५ मध्ये तर डेमोक्रॅट खासदार डॉन डेव्हिस यांचा पहिला मतदारसंघही पुन्हा कापला, म्हणजे आता लक्ष्य ११-३.

हे न्यायाधीश इथे मतदानाने निवडले जातात, नावापुढे पक्ष छापलेला असतो. २०२४ च्या दिवाळीच्या कार्यक्रमात मी ओळखीच्यांना विचारलं, न्यायाधीशाच्या जागेला कुणाला दिलंत? बरेच जण म्हणाले, वरची नावं भरली, खालचं कोण वाचतं. त्याच निवडणुकीत अ‍ॅलिसन रिग्ज यांची राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातली जागा ५५ लाखांच्या आसपास मतांतून ७३४ मतांनी राहिली, आणि तिचा वाद मे २०२५ पर्यंत चालला.

तुमचं मत वाया जातं का, असंही विचारलंत. नाही जात. पण मतपत्रिका शेवटच्या ओळीपर्यंत भरा, आणि विधिमंडळाच्या उमेदवाराचं नाव घरून बघून जा. २०२६ च्या नोव्हेंबरात अनिता अर्ल्स यांची न्यायालयातली जागाही मतदानाला आहे.